पोलिसांची गाडी परत गेल्यावरही कायदा टिकतो, तो कशाच्या जोरावर?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका लहान गावात नुकतीच पोलीस पाटील म्हणून नेमणूक झालेल्या ताईंनी प्रश्न विचारला आहे. थोडक्यात असा: "गावात हातभट्टी चालते, पांदणीवर (शेतांकडे जाणाऱ्या सरकारी रस्त्यावर) अतिक्रमण आहे, रानडुकरांसाठी लोक तारेत करंट सोडतात. ठाण्यातून गाडी आली की आठ दिवस सगळं बंद, मग जैसे थे. ठाण्यातले साहेब म्हणतात, जबर दंड बसल्याशिवाय ही माणसं सुधारणार नाहीत. माझ्या हातात ना काठी, ना शिपाई. मुळात लोक कायदा पाळतात तरी का?"

ताई, मी वर्धा जिल्ह्यातल्या कापूस-सोयाबीनच्या एका गावात साठी पूर्ण होईपर्यंत हेच काम केलं. 1967 च्या ग्राम पोलीस अधिनियमानं आपल्याला ठाण्याला खबर देण्याचं, तपासात मदत करण्याचं, गावात शांतता राखण्याचं काम दिलं, पण फौजफाटा दिला नाही. म्हणून तुमचं शेवटचं वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. लोक कायदा का मोडतात हे ठाण्यात रोज विचारलं जातं. का पाळतात हे कोणी विचारत नाही, आणि ते कळल्याशिवाय मोडणाऱ्याला वळवायचं कसं हेही कळत नाही.

दिवाळीच्या सुमारास तुमच्या शिवारात एक चक्कर मारा. सोयाबीन सोंगून झालेलं असतं, हडंब्याचा (मळणी यंत्राचा) नंबर लागेपर्यंत गंज्या शेतातच असतात. वरून फारी (ताडपत्री) झाकलेली, राखणीला कोणी नाही. रात्री बैलगाडी घालून अर्धी गंजी उचलणं अवघड नाही. कधीमधी चोरी होते, नाही असं नाही. पण जितकी सहज होऊ शकते त्या मानानं जवळजवळ होतच नाही. गंजी न उचलणाऱ्याला चोरीचं कलम पाठ नसतं, पोलीसही दिसत नसतात. आणि हाच माणूस नांगरटीच्या वेळी पांदणीत दरवर्षी एक तास, म्हणजे नांगराची एक ओळ, पुढे सरकतो! रस्ता इतका आकसतो की शेवटी त्याचीच बंडी त्यातून जात नाही.

एकाच माणसाची ही दोन रूपं नीट पाहा. गंजी शेजाऱ्याची आहे, तिच्यामागे त्याचं पावसाळाभराचं राबणं आहे, ते यानं डोळ्यांनी पाहिलेलं असतं. पांदण मात्र 'सरकारी'. ती खाल्ल्यानं कोणाचं पोट मारलं जातं हे समोर दिसत नाही, आणि पलीकडच्यानंही खाल्लेली असते. म्हणजे हा माणूस मुळात कायदा न मानणारा नाही. काही नियम त्याला आपले वाटतात, काही परके. तुमचं काम परक्या नियमांना आपलं करण्याचं आहे, आणि ते दंडानं फार थोडं होतं.

भीतीचा काहीच उपयोग नाही, असं मी म्हणणार नाही. पण गावात भीती कशी चालते ते सांगतो. एका बीट जमादाराकडे कितीतरी गावं असतात. गाडी फाट्यावर वळली की भट्टीवर फोन जातो. नाल्याच्या काठी पुरलेले, दारूसाठी सडवलेल्या मोहाचे डबे पोलिसांना सापडतात, ते उलटवतात, फोटो काढतात, गुन्हा नोंदवतात. माल पुरवणारा तालुक्याला बसलेला असतो आणि गुन्हा लागतो तो भट्टीवर लाकडं लावणाऱ्या म्हातारीवर. गाव हे सगळं बघतं. शिक्षा कितीही मोठी लिहा, सापडण्याची शक्यता किती हे गावाला तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. आणि सापडतं कोण, सुटतं कोण, हेही ठाऊक असतं. त्या छाप्यानं धाक बसायच्या ऐवजी कायद्याबद्दलचा आदरच कमी होतो.

वर्धा जिल्ह्यात 1975 पासून दारूबंदी आहे, गडचिरोलीत 1993 पासून. चंद्रपुरात 2015 ला आली आणि 2021 ला उठली. माझं आयुष्य बंदीच्या जिल्ह्यात गेलं. कायदा एकच, ठाणं एकच, तरी एका गावात दारू मिळते आणि दोन कोसांवरच्या गावात मिळत नाही, हे मी जवळून बघितलं. न मिळणाऱ्या गावात काय वेगळं होतं? तिथल्या बायांनी बैठक घेऊन ठरवलं होतं. विकणाऱ्याच्या दारात जाऊन सांगितलं होतं. त्यात विकणाऱ्याची सख्खी वहिनीही होती. तिनं घरच्या माणसाला सूट दिली नाही म्हणून बाकीच्यांना बोलायला तोंड राहिलं नाही.

आता पांदणीचं सविस्तर सांगतो, कारण तुमच्याकडेही तोच प्रश्न आहे आणि मला जे काही समजलं ते तिथेच समजलं.

आमच्या गावाच्या दक्षिणेकडची पांदण नकाशात तुटक रेषांनी ठळक दाखवलेली, पण जमिनीवर एक पायवाट उरलेली. पावसाळ्यात खताचं पोतं डोक्यावर न्यावं लागे. तक्रारी झाल्या, तालुक्याहून आदेश आला, एक दिवस जेसीबी आला. काम सुरू झालं ते गावाकडच्या टोकापासून, तिथे दोन-दोन, तीन-तीन एकरांची शेतं. पराट्या (कापसाची झाडं) उभ्या होत्या, त्या मोडल्या. मध्ये एका मोठ्या खातेदाराची संत्र्याची बाग येते. तिथे पोचेपर्यंत दुपार झाली, कोणाचा तरी फोन आला, आणि बागेचं कुंपण तसंच ठेवून मशीन पुढे गेली. ज्यांच्या पराट्या मोडल्या त्यांच्यातला एकजण मला म्हणाला, "पाटील, माह्यासाठीच कायदा हाय काय? त्याचं काहून नाही काढलं?" माझ्याजवळ उत्तर नव्हतं, कारण त्याचं म्हणणं खरं होतं. पुढच्या नांगरटीला पांदण पुन्हा जिथल्या तिथे. ज्यांनी आधी कधी पाय पुढे टाकला नव्हता, त्यांनीही टाकला.

काही वर्षांनी पुन्हा विषय निघाला तेव्हा आम्ही आधी पांदणीवरच्या सगळ्या खातेदारांना बोलावलं. मारुतीच्या पारावर नकाशाची प्रमाणित प्रत उघडून ठेवली. ज्याला वाचता येत होतं त्यानं वाचली, ज्याला येत नव्हतं त्याच्या पोरानं वाचून दाखवली. प्रत्येकाला बोलू दिलं. दोन बैठका तर नुसत्या भांडणातच गेल्या, पण त्या आवश्यकच होत्या. मनातलं बोलून झाल्याशिवाय माणूस दुसऱ्याचं ऐकत नाही. मग ठरलं की मोजणी संत्र्याच्या बागेपासून सुरू करायची. बागवाल्याला हे पटवायला तंटामुक्त समितीचे अध्यक्ष आणि मी त्याच्या घरी बसलो. त्याची एकच अट होती: माझ्यासमोर मोजा आणि समोरच्याचंही त्याच दिवशी मोजा. अट रास्त होती, आम्ही मान्य केली.

भूकरमापक आले. चुना पडला, खुंट्या ठोकल्या. मोजणीच्या रेषेत एका विधवा बाईच्या विहिरीचं तोंड येत होतं. विहीर बुजली तर तिचं ओलित गेलं. सगळ्यांसमोर हे निघालं, आणि समोरच्या शेतकऱ्यानं तेवढ्या जागेपुरता रस्ता आपल्या बाजूनं सरकवायला होकार दिला. तसं कागदावर लिहिलं, त्यावर सह्या-अंगठे घेतले. कोणाचे दोन तास गेले, कोणाचे चार. ज्याचे चार गेले तो म्हणाला, "गेले तं गेले, सगळ्यायचेच गेले ना." त्या पांदणीत नंतर कोणी नांगर घातला नाही. एकानं प्रयत्न केला तेव्हा मला जायची गरजही पडली नाही, शेजारच्यांनीच त्याला थांबवलं.

ताई, त्या माणसानं जमीन गमावली आणि तरी नियम मान्य केला, हे मला महत्त्वाचं वाटतं. आपण धरून चालतो की निकाल आपल्या बाजूनं लागला तरच माणूस खूश असतो. अनुभव वेगळा आहे. निकाल विरोधात गेला तरी माझं ऐकून घेतलं, मोठ्यालाही तोच टेप लावला, माझा अपमान केला नाही, एवढं दिसलं की बहुतेक लोक मान खाली घालून नाही, ताठ मानेनं मान्य करतात.

हे आपल्याच मुलखाचं वैशिष्ट्य आहे असंही नाही. अमेरिकेत टॉम टायलर नावाच्या अभ्यासकानं 1984 साली शिकागो शहरातल्या 1,575 लोकांना फोनवर विचारलं की पोलीस-कोर्टाशी तुमचा काय संबंध आला, तुम्ही कायदा किती पाळता. त्यातल्या 804 जणांना वर्षभरानं पुन्हा विचारलं. निघालं ते असं, की पकडले जाऊ या भीतीपेक्षा, कायदा आणि तो राबवणारे मानण्यालायक आहेत असं वाटणं हे कायदा पाळण्यामागचं जास्त मोठं कारण होतं. आणि ते वाटणं मुख्यतः आपल्याला न्यायानं वागवलं गेलं का यावर अवलंबून होतं. केस जिंकली की हरली याला त्यामानानं कमी वजन होतं. शिकागो कुठे आणि आपली पांदण कुठे! पण ते वाचलं तेव्हा मला आमचा पार आठवला.

साहेबांच्या 'जबर दंडा'कडे येतो. गुरं दुसऱ्याच्या पिकात गेली की कोंडवाड्यात टाकायची आणि दंड घेऊन सोडायची, ही रीत 1871 च्या कायद्यापासूनची आहे. तुम्ही कधी कोंडवाड्याच्या पावत्या पाहिल्या तर काही नावं पुन्हा पुन्हा दिसतील. ही माणसं दंडाला घाबरत नाहीत. त्यांनी हिशेब केलेला असतो की चारा विकत घेण्यापेक्षा दंड स्वस्त. आधी शेजाऱ्याच्या तुरीत गुरं गेली तर माणूस खजील होऊन माफी मागायचा. पावती फाडायला लागल्यावर म्हणू लागला, "पैसे भरले ना, आता काय?" इस्रायलमधल्या हैफा शहरात अभ्यासकांनी हेच मोजलं. तिथल्या पाळणाघरांत मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या आईबापांना दंड लावला, तर उशिरा येणारे कमी व्हायच्या ऐवजी जवळपास दुप्पट झाले. दंड काढल्यावरही ते प्रमाण खाली आलं नाही. लाज एकदा गेली की दंड रद्द करून परत आणता येत नाही.

म्हणून दंड लावू नका असं नाही. पण सुरुवात दंडापासून करू नका. पहिल्या वेळी घरी जाऊन सांगा, दुसऱ्या वेळी चारचौघांत सांगा, तिसऱ्या वेळी लेखी. आणि जेव्हा लेखी द्याल तेव्हा मागे हटू नका.

काही ठिकाणी मात्र ही पायरी-पायरी चालत नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो. बाईला मारहाण, लहान मुलीवर अत्याचार, बालविवाह, जातीवरून झालेला छळ, यात समजूत, बैठक, समेट काही नाही. कळलं की त्याच क्षणी ठाण्याला कळवायचं. "गावाची बदनामी होईल, आपसात मिटवू" असं तुम्हाला गावातली बडी माणसं सांगतील, आणि तुम्ही बाई आहात म्हणून जास्त जोरानं सांगतील. ऐकू नका. गाव एका सुरात बोलतं म्हणून ते न्यायानं बोलतं असं होत नाही. एखाद्या घराला पाणवठ्यावर येऊ द्यायचं नाही, त्यांच्या लग्नाला जायचं नाही, हेही गावानं एकमतानंच ठरवलेलं असतं. म्हणून तर राज्याला सामाजिक बहिष्काराविरुद्ध 2016 चा कायदा करावा लागला. लोकांनी नियम आपला मानावा, ही माझी सगळी मांडणी आहे, पण ज्याच्यावर तो नियम चालतो त्यालाही बोलायला जागा असेल तरच.

करंटचा विषय वेगळा, आणि तिथे मी तुम्हाला एका ओळीचं उत्तर देऊ शकत नाही. परिस्थितीवर फार अवलंबून आहे. जंगलाला लागून शेत असेल, हरभरा घाट्यावर आलेला असेल आणि एका रात्रीत डुकरांचा कळप येऊन अर्धा एकर उलटापालटा करून गेला असेल, तर त्या माणसाला 1972 चा वन्यजीव कायदा सांगायला जाताना आपल्याच जिभेला जड होतं. तो रात्री विजेच्या खांबावर आकडा टाकतो आणि उघड्या तारेत करंट सोडतो. त्यात वाघही मरतो आणि पहाटे ओलित करायला निघालेला शेजारीही मरतो. मग सदोष मनुष्यवधाचा गुन्हा, एक घर स्मशानात आणि एक तुरुंगात. दोघेही गावचेच.

हा माणूस कायद्याला तुच्छ मानणारा नाही. त्याला कायद्यानं राहायची वाट परवडत नाही, किंवा ती वाट आहे हेच कोणी दाखवलेलं नाही. इथे दरडावून काही होत नाही. आमच्याकडे मी दोन कामं धरली. एक, पीक खाल्लं की दुसऱ्याच दिवशी वनविभागाकडे अर्ज जाईल आणि पंचनामा होईल हे बघणं. अर्ज उशिरा गेला की भरपाई बुडते, आणि भरपाई बुडाली की तार येते. दोन, लागून असलेल्या शेतांनी मिळून बॅटरी-सोलरवरचं झटका मशीन बसवणं. त्याचा झटका जनावराला हाकलतो, मारत नाही. एकट्याला महाग पडतं, चौघांना झेपतं. हे झाल्यावर मी स्पष्ट बोललो: आता कोणी आकडा टाकला तर त्याच रात्री वीज कंपनीला आणि ठाण्याला माझा फोन जाईल. आधी वाट दाखवली होती, म्हणून ते बोलणं कोणाला जुलूम वाटलं नाही. ज्या टोकाच्या तीन-चार शेतांना यंत्र परवडलं नाही तिथे प्रश्न सुटला नाही, हेही खरं आहे.

अजून एक प्रकार तुमच्यासमोर येईल. 10 जून 2019 ला अकोला जिल्ह्यात अकोट तालुक्यातल्या अकोली जहांगीरला शेतकरी संघटनेच्या लोकांनी बंदी असलेलं एचटीबीटी (तणनाशक फवारलं तरी न मरणाऱ्या) कापसाचं बियाणं उघडपणे, सगळ्यांना सांगून पेरलं. गुन्हा दाखल होईल हे माहीत असून पेरलं. त्याच हंगामात तेच बियाणं चोर बीटी म्हणून पिशव्यांवर खोटी नावं घालून रात्री विकलंही जात होतं. कलमाच्या दृष्टीनं दोन्ही बेकायदेशीर. पण नाव लावून, परिणाम स्वीकारून कायद्याशी भांडणारा माणूस आणि शेतकऱ्याला फसवून पैसा करणारा व्यापारी यांना एका मापानं मोजलंत, तर गाव तुमचं कोणतंच माप मानणार नाही. अहवालात दोघांबद्दलही जे पाहिलं ते लिहा, वागताना फरक ठेवा.

आपल्या बाजूचं सगळ्यात मोठं उदाहरण गडचिरोलीतलं मेंढा (लेखा). धानोरा तालुक्यातलं हे गोंड गाव. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा तिथलीच. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली या ग्रामसभेला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला, आणि 2011 च्या एप्रिलमध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन बांबूच्या वाहतूक परवान्याचे अधिकार ग्रामसभेकडे दिले. तिथे निर्णय बहुमतानं होत नाही, सर्वसहमतीनं होतो. एकाचाही विरोध असला तर चर्चा पुढे चालू. वेळ फार जातो. पण निर्णय झाला की तो मोडणारा स्वतःचाच शब्द मोडत असतो. तुमच्या गावात जंगल नसेल, कदाचित इतकी एकी नसेल. तरी पांदण, पाणवठा, गुरांची चराई, लग्नातला डीजे, एवढ्यापुरते नियम ग्रामसभेत लोकांकडूनच बनवून घेता येतात. तयार ठराव वाचून 'मंजूर' म्हणवून घेऊ नका. त्या ठरावाला कोणी विचारत नाही.

आता तुमच्या हातातलं. तुमच्याकडे काठी नाही ही अडचण आहे, पण तुमच्याकडे एक गोष्ट आहे जी ठाणेदाराकडे नाही: तुम्ही रोज तिथेच आहात. तुमचा दीर, तुमचा चुलत सासरा, तुमच्या घराची गुरं, यांच्याशी तुम्ही कसं वागता हे गाव पहिल्या वर्षभर बघणार. तिथे एकदा डोळेझाक झाली की नंतर कोणाला काही सांगता येत नाही. पांदणीत तुमच्या घरचा धुरा (बांध) पुढे गेलेला असेल तर मोजणी तिथूनच सुरू करा. आणि ज्याच्यावर कारवाई करायची त्याला अहो-जाहो करा, त्याच्या पोरांसमोर बोलू नका. भट्टीवरच्या म्हातारीशीही तसंच. साहेब गावात येतील तेव्हा त्यांनाही आधीच विनंती करून ठेवा, की आमच्या माणसांशी अरे-तुरे नको. चांगले अधिकारी ऐकतात.

दारूचं काम बायांच्या बैठकीपासून धरा. पुरवणारा कोण हे त्यांना नक्की माहीत असतं, आणि ठाण्याला कळवायची माहिती तीच.

पांदणीच्या कागदाला मात्र उशीर करू नका. रस्ता नव्यानं अडवला असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 च्या कलम 5 खाली तहसीलदारांकडे दावा सहा महिन्यांच्या आत जावा लागतो. मुदत अडवल्याच्या दिवसापासून मोजतात. बैठका चालू ठेवा, पण तो दिवस कुठेतरी लिहून ठेवा, आणि गाव नकाशाची प्रमाणित प्रत भूमी अभिलेख कार्यालयातून आत्ताच काढून आणा.